मालवणला दापोलीचा नोड फक्त संध्याकाळी दिसतो, आणि दिसला तरी लागत नाही (नेटरॉम)

भरड_मालवण

नमस्कार मंडळी. किनाऱ्याने पॅकेटची (हौशी रेडिओवरून मजकूर पुढे ढकलणाऱ्या ठाण्यांची, म्हणजे नोडची) एक साखळी उभी केली आहे: मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोली. सगळीकडे रास्पबेरी पाय (छोटा संगणक), डायरवुल्फ (सॉफ्टवेअर मोडेम) आणि दोन मीटरचा रिग (व्हीएचएफ रेडिओ संच). १२०० बॉड, सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच. वर लिनक्सचं एएक्स-२५ (दोन शेजाऱ्यांमधला दुवा) आणि नेटरॉम (टप्प्याटप्प्याने पुढची वाट), राउटिंगला नेटरॉमडी डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस गायब होते. तेव्हापासून डोक्यात होतं, की तिकडे निरोप पोचेल अशी आपली एक वाट हवी. कॉलसाइन इथे टाकत नाही, गावाच्या नावानेच बोलू.

आता दुखणं ऐका. सकाळी नोड टेबल (कुठल्या नोडपर्यंत वाट माहीत आहे ती यादी) बघितलं की देवगड, रत्नागिरी, गुहागर तिघेही जागेवर. दापोलीचा पत्ता नाही. संध्याकाळी सात-साडेसातनंतर, खास करून या एप्रिलात, दापोली आपोआप यादीत उगवते. खुशीत कनेक्ट मारावं तर नुसतं ताटकळत बसायचं, शेवटी टाइमआउट. मध्यरात्र उलटली की नाव पुन्हा गायब. मजा म्हणजे देवगडहून दापोली चोवीस तास लागते.

खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडलेला कनेक्टर बदलला, वर टेप गुंडाळली. एएक्सपोर्ट्स आणि एनआरपोर्ट्स या सेटिंगच्या फाइलींमध्ये एसएसआयडी (कॉलसाइनमागचे आकडे) वेगवेगळे दिलेत, तिथे घोळ नाही. एनआरब्रॉडकास्ट फाइलमध्ये पोर्टच्या नावापुढे ५, १९२, १००, १ असे आकडे आहेत, पाचही ठिकाणी तेच. घरातले म्हणतत, तुझ्या रेडिओक तिन्हीसांजेचा कायतरी दिसता. कोणाला काही सुचतंय का?

सड्यावरचा

भूत नाही, गुणाकार आहे. नेटरॉममध्ये दर टप्प्याला क्वालिटी (वाट किती चांगली त्याचा आकडा) घटते. शेजाऱ्याने सांगितलेली क्वालिटी गुणिले तुमची त्या शेजाऱ्याची क्वालिटी, अधिक १२८, भागिले २५६, खालचा अपूर्णांक सोडायचा. तुमच्याकडून मोजा: देवगड थेट म्हणून फाइलमधला दुसरा आकडा, १९२. रत्नागिरी १४४. गुहागर १०८. दापोली ८१. आणि फाइलमधला तिसरा आकडा काय? १००. त्याखालची वाट नेटरॉमडी टेबलात घेतच नाही. देवगडवरून दापोली तीनच टप्पे, १०८ भरतात, म्हणून त्यांना दिसते. तुम्ही एका टप्प्याने बाहेर पडलात.

आता संध्याकाळचं. उन्हाळ्यात जमिनीवरची कोरडी गरम हवा समुद्रावरच्या दमट, थंड हवेच्या डोक्यावर पसरते आणि व्हीएचएफचा सिग्नल त्या दोन थरांच्या मध्ये वाकून लांब जातो. किनाऱ्यावर टू मीटर ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. त्या वेळी तुम्हाला रत्नागिरीचा नोड्स ब्रॉडकास्ट (तिला माहीत असलेल्या नोडची जाहीर यादी) थेट ऐकू येतो. तुमचा डीमन म्हणतो, अरे, हा तर शेजारी! घाल १९२. रत्नागिरी दापोलीला १४४ सांगते, त्याचे तुमच्याकडे १०८ होतात, १०० च्या वर, झाली नोंद. आली तुमची दापोली.

पण ब्रॉडकास्टला पोच नसते. ते यूआय फ्रेम (पोच न मागणारे संदेश) आहेत, ऐकलं की झालं. रत्नागिरीचा अँटेना उंच सड्यावर, तुमचा गावात माडांच्या मधे. तिचं तुम्हाला ऐकू येतं म्हणून तुमचं तिला ऐकू जाईलच असं नाही. आणि हवा फिरली की दोन्हीकडून बंद. टेबलातलं नाव मात्र तसंच राहतं: ऑब्सोलेसन्सचा (नोंद किती जुनी झाली त्याचा) आकडा ६ पासून सुरू होतो, डीमन दर ब्रॉडकास्टला, म्हणजे डीफॉल्टने दर तासाला, एकेक कमी करतो. म्हणून मध्यरात्रीपर्यंत लटकलेली दापोली.

अजून एक. त्या वेळात रत्नागिरी तुम्हाला लागते का बघा. बहुतेक लागेल, जरा रखडून. तिला देवगडमार्गे १४४ ची दुसरी वाट टेबलात आहे. थेट लिंक फसली की कर्नल (लिनक्सचा गाभा) तिच्यावर जातो. दापोलीला तशी दुसरी वाटच नाही, ती ८१ वाली तर दारातच अडवली.

भरड_मालवण

काका, कमाल! रत्नागिरी खरंच रखडून लागते, मी तो गर्दीचा परिणाम समजत होतो. मग १०० चे ६० करू? की १९२ चे थेट २५५ करून टाकू, म्हणजे कितीही टप्पे असले तरी घटणारच नाही?

सड्यावरचा

२५५ अजिबात नको. सगळ्या वाटा जवळजवळ सारख्याच दिसायला लागल्या तर डीमनने निवडायचं कशावरून? आणि हवेतून आलेला दूरचा नोडही घरच्यासारखा चांगला ठरेल. चालू साखळीची अशाने पार वाट लागते.

६० करा, मालवणला आणि दापोलीलाही. मधल्यांना सध्या गरज नाही, त्यांच्याकडे कुठलीच वाट १०८ च्या खाली जात नाही. पण नुसतं ६० करून संध्याकाळचं दुखणं जाणार नाही, कारण १०८ तेव्हाही ८१ ला हरवणारच. म्हणून मालवणच्या पायवर एनआरपार्म्स (हाताने वाटा घालायची कमांड) च्या रूट्स पर्यायाने रत्नागिरी हा शेजारी ८० वर बांधून टाका. बांधलेल्या शेजाऱ्यासाठी नेटरॉमडी फाइलमधली १९२ वापरत नाही, तुमचा आकडा वापरतो. मग रत्नागिरी थेट ८० आणि देवगडमार्गे १४४, देवगडच जिंकणार. दापोली त्या थेट वाटेने ४५ वर येईल आणि ६० च्या खाली म्हणून गळेल. उरली देवगडची ८१. एनआर-नेबर फाइल (शेजाऱ्यांची यादी) उघडून बघा, रत्नागिरीच्या ओळीत लॉकच्या रकान्यात १ दिसला पाहिजे. ही कमांड बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला, नाहीतर लाईट गेली की बांधलेलं सुटलं.

टीएनसीवाला

मी जरा उलट बोलतो. पाच नोड, सगळे एका सरळ रेषेत. इथे डीमन हवाच कशाला? मधला एक पडला तर दुसरी वाट आहे कुठे? प्रत्येक ठिकाणी एनआरपार्म्सने चार चार नोड हाताने घाला, काउंट (तोच ऑब्सोलेसन्सचा आकडा) ० द्या, म्हणजे नोंद कधी जुनी होत नाही. तासातासाला ब्रॉडकास्टचा गोंधळ नाही, हवेचा खेळ नाही. १२०० बॉडवर एकाच फ्रिक्वेन्सीला तेवढीच हवा मोकळी.

सड्यावरचा

साखळी अशीच राहणार असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

भरड_मालवण

टीएनसीवाले, तसंच केलं असतं, पण दिवाळीपर्यंत गगनबावड्याला एक नोड बसवायचा बेत आहे. तिथून देवगड आणि रत्नागिरी दोन्ही दिसायला हवेत. देवगड-रत्नागिरी हा आमचा सगळ्यात लांब पल्ला, पावसाळ्यात तोच आधी झोपतो. तेव्हा घाटावरून वळसा मिळावा म्हणून डीमन ठेवतोय.

आकडे बदलले, रत्नागिरी बांधली. काल रात्री आठला रत्नागिरी थेट ऐकू येत होती आणि तरी दापोली देवगडमार्गे ८१ दाखवत होती. कनेक्ट लागलं. हळू आहे, चार उड्या एकाच फ्रिक्वेन्सीवर म्हटल्यावर असायचंच, पण निरोप गेला आणि उत्तर आलं: "आंबा कसा काय यंदा?"

आणखी एक बारकं. लाईट येते-जाते, पाय रीबूट होतो, मग तासभर आम्ही कोणाला दिसतच नाही.

टीएनसीवाला

नेटरॉमडीला आय हा पर्याय द्या, डीमन सुरू होताच पहिला ब्रॉडकास्ट जातो, तास उलटायची वाट बघत नाही. तुम्ही इतरांना लगेच दिसाल. तुमचं स्वतःचं टेबल मात्र शेजाऱ्याचा पुढचा ब्रॉडकास्ट येईपर्यंत रिकामंच राहणार, म्हणून देवगडची एक नोंद काउंट ० ने बूटलाच घालून ठेवा. आणि त्या पायला लहानशी बॅटरी लावा हो, कोकणात हे सांगावं लागतं?

सड्यावरचा

गगनबावडा चालू झाला की ते ६० पुरतील का, हे आधीच मोजून ठेवा. देवगड-रत्नागिरी बंद आणि वळसा घाटावरून: दापोली तुम्हाला ६१ वर येईल, म्हणजे जेमतेम. पण त्याआधी देवगडला ती ८१ वर येते आणि देवगडच्या फाइलमध्ये अजून १०० आहेत, तिथेच गळणार. उलट दिशेला गुहागरला मालवणचं तेच होईल. तेव्हा त्या दिवशी सगळ्यांकडे ५० करा. रत्नागिरीची थेट दापोली ४५ वरच आहे, ती तरीही बाहेर राहते. आणि घाटावरच्या रिगला शक्यतो वेगळी फ्रिक्वेन्सी आणि वेगळा पोर्ट द्या, निदान देवगड आणि रत्नागिरीला दुसरा रिसीव्हर लावून. तो उंचावरून सगळ्यांना ऐकणार, पण देवगड आणि गुहागर एकमेकांना ऐकत नाहीत. दोघे एकाच वेळी बोलले की वर घाटावर नुसती खिचडी.