वॉरंटीत बदलून आलेली हार्ड डिस्क नवी की वापरलेली?

खटपट्या:
मंडळी एक शंका आहे. बॅकअपसाठी घेतलेली ८ टीबीची हार्ड डिस्क वॉरंटीत असतानाच टकटक करायला लागली आणि मग दिसायचीच बंद झाली, कंपनीला पाठवली, त्यांनी फार वाद न घालता दुसरी पाठवली, इथपर्यंत ठीक. पण दुसरी आली ती साध्या खाकी खोक्यात, आत नुसती अँटिस्टॅटिक पिशवी. लेबलवरची तारीख बघतो तर मी माझी विकत घेतली त्याच्याही आधीची, आणि स्क्रूच्या भोकांपाशी बारीक ओरखडे, म्हणजे कुठेतरी बसवलेली असणारच ना? पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, फक्त ३ दिसतायत. पैसे मी नव्या डिस्कचे दिलेत, मग दुसऱ्याची बिघडलेली डिस्क ठाकठीक करून माझ्या गळ्यात मारली का? आणि वापरू की नको?

वायरगुंता:
रिफर्बिश्डच (परत आलेली, दुरुस्त करून किंवा तपासून पुन्हा दिलेली) असणार, जवळजवळ नक्की. लेबलवर कोपऱ्यात कुठे 'रिसर्टिफाइड' किंवा 'रिपेअर्ड' असं काही छापलंय का बघा, बऱ्याचदा बारीक अक्षरात असतं. ते ३ तास मनावर घेऊ नका, फॅक्टरीत परत तपासणीला गेलेल्या डिस्कचे स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते) आकडे शून्य करतात त्यामुळे त्यावरून आधी किती चाललीय ते कळत नाही. सीगेटची असेल तर फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, स्मार्टसीटीएल (कमांड देऊन डिस्कची माहिती वाचायचं सॉफ्टवेअर) ७.४ किंवा नंतरचं असेल तर त्यातून वाचता येतो. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून बाजारात आल्याचं प्रकरण झालं ना, तेव्हा लोकांनी याच लॉगवरून पकडलं होतं, स्मार्टमध्ये सगळं कोरं आणि फार्ममध्ये हजारो तास. वर्षभर सलग चालली तर ८७६० तास होतात, त्या हिशोबाने अंदाज घ्या.
गळ्यात मारली वगैरे म्हणाल तर वॉरंटीच्या अटी काढून वाचा. बदली वस्तू नवी किंवा रिफर्बिश्ड असू शकते हे बहुतेक कंपन्या तिथे लिहूनच ठेवतात. आपण कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

निमूटवाचक:
लिहून ठेवलं म्हणजे बरोबर होतं का पण? 😡 वस्तू घेतल्या घेतल्या बंद पडली असती तर मी दुकानाकडूनच सीलबंद नवी मागितली असती, कंपनीकडे पाठवलीच नसती. सुरुवातीच्या दिवसांत तोच रस्ता धरावा. मात्र बराच काळ वापरून झाल्यावर बिघडली असेल तर तुमचीही जुनीच होती, तिथे नव्याचा हट्ट मला स्वतःला पटत नाही.

खटपट्या:
लेबलवर आहे हो! रिसर्टिफाइड, चष्मा लावून दिसलं 😅 सीगेटची नाहीये त्यामुळे फार्मचं काही जमणार नाही. मग आता चालते का नीट ते कसं ठरवू, कॉपी करून बघू का चार फाइल?

वायरगुंता:
चार फाइलने काय होतंय. डेटा टाकायच्या आधी पूर्ण डिस्कभर लिहून परत वाचून घ्या, लिनक्स असेल तर बॅडब्लॉक्स नावाचा डिस्क तपासायचा प्रोग्राम लिहिण्याच्या मोडमध्ये (डिस्कवरचं सगळं पुसतं, बाकीच्या डिस्क काढून ठेवा आणि नाव दोनदा तपासा), नाहीतर निदान स्मार्टची लाँग टेस्ट (डिस्क स्वतःच सगळी वाचून तपासते ती). एवढ्या मोठ्या डिस्कला रात्र पुरत नाही, चालू ठेवून विसरून जा. झालं की रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले तुकडे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे, संशयित तुकडे) बघा, दोन्ही शून्य हवेत. क्रिस्टलडिस्कइन्फो खालच्या यादीत आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायाने, अक्षरं मिसळून) दाखवतं, उगाच घाबरू नका, सेटिंगमधून दशमान करता येतं. पेंडिंगमध्ये एक जरी आला तरी स्क्रीनशॉट काढून लगेच परत पाठवा, मी तरी असली डिस्क ठेवत नाही.

माळ्यावरचा:
सगळे टेस्टच्या मागे लागलेत, मुख्य राहिलंच. बदलून आलेल्या डिस्कचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते ते बघा. बदलीला सहसा जुन्या वॉरंटीचे उरलेले दिवस मिळतात, काही ठिकाणी उरलेले दिवस किंवा ९० दिवस, जे जास्त असेल ते. पण सिस्टीममध्ये ते चढवायचं राहून जातं आणि पुढच्या वेळी 'या नंबरला वॉरंटीच नाही' ऐकावं लागतं.

खटपट्या:
टाकला नंबर. वॉरंटी संपलेली दाखवतंय! जुन्या डिस्कची अजून बरीच शिल्लक होती. दोन्ही सिरीयल नंबर, तक्रार क्रमांक आणि जुनं बिल जोडून आत्ताच ईमेल केला. टेस्टही लावलीय, खोलीत नुसती घरघर चालूय.

माळ्यावरचा:
उत्तर लेखी घ्या, फोनवरचं 'करून देतो सर' धरू नका. आणि टेस्ट पास झाली तर आधी एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा कुणाला वाचता येत नाही ते) चालू करा, मगच डेटा भरा. जुनी बंद पडली तेव्हा पुसायला कुठे जमलं तुम्हाला, तशीच गेली ना सगळ्या फोटोंसकट?