सल्ला हवा: शिरोड्यातलं जुनं घर, राहायला आणि चित्रांना-मातीकामाला

माटोळी
नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं घर गोव्यातल्या शिरोड्यात आहे. गेली आठ वर्षं ते फक्त चवथीपुरतं उघडतं. मधे राजांगण आणि तुळस, भोवती पडव्या, मागे रिकामा गोठा. पाया चिऱ्यांचा, भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौलं. नवरा तैलरंगात चित्रं काढतो, मी मातीकाम (सिरॅमिक) आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून छापलेली चित्रं) करते. पणजीचा फ्लॅट सोडून तिथंच राहायचं ठरवलंय. दोन ठेकेदार बघून गेले. दोघंही म्हणाले, कौलं काढा, स्लॅब घाला, भिंतींना सिमेंट मारा. माझं मन घेत नाही. ओल, उजेड आणि भट्टी, या तिन्हींचं काय करावं?

कौलारू
ताई, सिमेंट अजिबात नको. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते, पाणी आत कोंडतं आणि भिंत आतून मऊ पडत जाते. वरून मात्र धडधाकट दिसते. आमच्या काकांच्या घरी गिलाव्याचा पोपडा निघाला तेव्हा खालची माती बोटाने उकरता येत होती. ती खोली पाडावी लागली.

गिलावा चुन्याचाच करा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. चुना आधी काही आठवडे पाण्यात मुरवत ठेवायचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून काम नोव्हेंबरात सुरू करून उन्हाळ्यात संपवा. पण त्याआधी पागोळ्यांचं पाणी कुठं पडतं ते बघा. जुन्या घरांभोवती वर्षानुवर्षं भर पडून अंगण जोत्याला भिडतं. ती माती खणून काढा, चर पाडा. बरीचशी ओल तिथंच थांबते.

वासे एकेक ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवी. तेवढेच बदला, सगळं छप्पर उतरवायची गरज नसते.

मुंडवेल
दगडमातीच्या आधी कागद. घराची वाटणी झाली आहे का? झाली नसेल तर सगळे वारस सहमालक, आणि आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यामुळे त्यांच्या नवरा-बायकांचाही हक्क येतो. सगळ्यांची लेखी संमती घ्या, एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) काढा, पंचायतीची परवानगी घ्या. पैसे ओतल्यावर भाऊबंदकी सुरू झालेली मी जवळून पाहिलीय.

पडवी
मी स्वतः चित्रकार, म्हणून उजेडाबद्दल. उत्तरेचा उजेड स्थिर असतो हे खरं, पण गोव्यात मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो. जूनपासून ढग असतात, त्रास मे महिन्याचा. छपराच्या उत्तरेकडच्या उतारात काचेची कौलं बसवा आणि खालून पातळ मांजरपाट ताणा. शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर एकही तावदान फेकू नका. तो शिंपला आता कायद्याने संरक्षित आहे, नवा मिळणार नाही. त्यातून येणारा दुधी उजेड चित्रं बघायला फार छान असतो.

कॅनव्हास आणि कागद भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका. चार बोटं अंतर सोडून लाकडी मांडणी करा, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी.

भट्टी गोठ्यात, आणि भट्टीवरचं छप्पर लाकडी नको. विजेची मोठी भट्टी घेणार असाल तर थ्री फेजचा अर्ज आत्ताच करा. एचिंगला नायट्रिक ॲसिडऐवजी फेरिक क्लोराइड वापरा, धूर कमी. त्याचं पाणी विहिरीच्या बाजूला जाऊ देऊ नका, वेगळं साठवा.

माटोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. गोठ्याचं लगेच पटलं. राजांगणात मी काहीच मांडणार नाही, चवथीला सगळे तिथंच जेवतात. मुंबईच्या जाऊबाईंची सही राहिलीय, या महिन्यात घेते. आता प्रश्न गवंड्याचा. चुन्याचं काम येणारा माणूस शोधू कुठं?

कौलारू
जुन्या देवळांच्या महाजनांना (देवस्थानाचा कारभार बघणाऱ्यांना) विचारा. कावीकाम असलेल्या देवळात चुन्यावर लाल काव चढवून ती खरवडून नक्षी काढलेली असते, तिची दुरुस्ती सिमेंटवाल्याला जमत नाही. तोर्ड्याचं हाऊसेस ऑफ गोवा संग्रहालयही दोघं मिळून बघून या. गवंडी मिळाला की आधी गोठ्याची एकच भिंत करून घ्या, आणि एक पावसाळा ती बघा.