साडेवीस महिने! वाडीवरच्या झेडपी शाळा एवढ्या बंद ठेवायची खरंच गरज होती का?

माणदेशी_पाहुणा (धागा)

परवा गावी गेलो होतो. बहिणीचा पोरगा आता सातवीत आहे, सहज म्हटलं इतिहासाचं पुस्तक काढ आणि एक पान वाचून दाखव. पोरगं जोडाक्षर आलं की थांबतंय, मग पुढचा शब्द अंदाजानं ठोकून देतंय. बहीण म्हणाली दादा ही लॉकडाऊनची बॅच, सगळ्यांचं असंच आहे, गुरुजी पण आता काय बोलत नाहीत.

मग मी बसून हिशोब मांडला. मार्च 2020 मध्ये हा पहिलीत. 16 मार्चच्या सुमारास शाळा बंद झाली. नोव्हेंबर 2020 मध्ये नववी ते बारावी उघडली, 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवी, ती पण दुसऱ्या लाटेत गुंडाळली. पहिली ते चौथीची पाळी कधी आली? ग्रामीण भागात थेट 1 डिसेंबर 2021. म्हणजे ह्यानं दुसरीचा वर्ग बघितलाच नाही, पहिलीतून उठला तो निम्म्या तिसरीत जाऊन बसला, आणि महिन्याभरात ओमिक्रॉनमुळं परत दोन आठवडे कुलूप.

आता आमच्या वाडीची शाळा बघा. द्विशिक्षकी, पट 19. ही 19 पोरं दिवसभर एकाच विहिरीत डुंबत होती, एकाच चिंचेखाली क्रिकेट खेळत होती, हळदी-लग्नात एका पंगतीला जेवत होती. फक्त शाळेच्या दोन खोल्यांत एकत्र बसायचं नाही म्हणे, कोरोना होईल. मुंबईतल्या हजार पटाच्या शाळेला जो नियम तोच वाडीला. पहिले तीन-चार महिने समजू शकतो, कोणालाच काही कळत नव्हतं, पण त्यानंतर हा निर्णय शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायतीवर सोडायला काय हरकत होती? हिवरे बाजारनं जून 2021 मध्ये गाव कोरोनामुक्त करून शाळा सुरू केलीच की, आणि कोरोनामुक्त गावात आठवी ते बारावीचे वर्ग भरवा हा सरकारी आदेश त्याच्यानंतर जुलैमध्ये आला. गाव पुढं, सरकार मागं.

मतं येऊ द्या. शिव्या पण चालतील.

खडू_फळा

शिव्या देत नाही, पण मी झेडपीचा शिक्षक आहे त्यामुळं थोडं मोठं लिहिणार, वाचा.

पहिली गोष्ट, शाळा बंद होती, शिक्षक बंद नव्हता. एप्रिल-मे 2020 मध्ये मी जिल्हा सरहद्दीवर चेकपोस्टला रात्रपाळी केली, मग रेशन दुकानावर, मग सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' आलं तर ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरलो, मधे पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ मोजून पालकांना वाटली कारण खिचडी शिजत नव्हती. तुमच्या गुरुजींनी पण हे सगळं केलं असणार, विचारून बघा.

दुसरी गोष्ट शिक्षण. वरून रोज 'शाळा बंद पण शिक्षण आहे'ची लिंक यायची, दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ, ती ग्रुपवर टाकायची. माझा पट 34, स्मार्टफोन 11 घरांत, आणि त्यातले निम्मे फोन दिवसभर बापाच्या खिशात शेतावर. संध्याकाळी फोन घरी यायचा तेव्हा डेटा संपलेला. मग व्हॉट्सअपवर स्वाध्याय चाचणी आली, त्याची केंद्रनिहाय (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) टक्केवारी निघायची, टक्केवारी कमी की केंद्रप्रमुखांचा फोन, सर तुमची शाळा मागं आहे. एका पालकाच्या फोनवर तीन-तीन पोरांची चाचणी आम्ही सोडवून घ्यायचो, सोडवून घ्यायचो म्हणजे काय ते समजून घ्या. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची ती खरंच चांगली होती, त्याला इंटरनेट लागत नव्हतं, पण टीव्ही पाहिजे आणि त्या वेळेला लाईट पाहिजे.

जे कामाला आलं ते वरच्या आदेशानं आलंच नाही. दोन-तीन गल्ल्या मिळून एक ओसरी धरायची, पाच-सहा पोरं, अर्धा-पाऊण तास, मग पुढची ओसरी. बारावी झालेली एक पोरगी होती गावात, तिला शिक्षणमित्र केलं, ती माझ्यापेक्षा चांगली शिकवायची. सोलापूरला निलमनगरात तर घरांच्या भिंतींवर पाढे आणि धडे रंगवले, पोरं येता-जाता वाचायची. हे सगळं बसल्या जागी एसीत ठरवून होत नाही.

तिसरी आणि शेवटची. शाळा उघडायच्या आधी नोव्हेंबरात आमची सक्तीची आरटीपीसीआर झाली, त्यात कितीतरी शिक्षक पॉझिटिव्ह निघाले. आमच्या केंद्रातले एक सर दुसऱ्या लाटेत गेले. दोन वर्षं राहिली होती रिटायरमेंटला. 19 पोरांना काही होत नाही हो, पण त्यांच्यासमोर उभा राहणारा पन्नाशीचा डायबेटीसवाला असतो.

चहाची_टपरी

'सोडवून घ्यायचो' =)) दंडवत घ्या सर

दहावीला 2021 मध्ये परीक्षा न घेता 99.95 टक्के निकाल लागला ना, तेव्हाच कळलं की आपण सगळेच स्वाध्याय सोडवून घेतोय.

माणदेशी_पाहुणा

@खडू_फळा सर, तुमच्या कष्टांबद्दल वाईट एक शब्द नाही. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात की. ओसरीवर पाच-सहा पोरं बसवली तर चालतं, मग शाळेच्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, अंतरानं का चालत नव्हतं? ओसरीवर तर घरातली म्हातारी खोकत बसलेली असते. शाळेत निदान म्हातारी नाही.

आशाताईंची_लेक

म्हातारी खोकत बसलेली असते हे इतक्या सहज लिहिलंत म्हणून लिहितेय, एरवी मी नुसती वाचते इथे.

माझी आई आशा वर्कर आहे. एप्रिल 2021 मध्ये ती रोज सकाळी निघायची आणि आल्यावर मागच्या दारानं अंगोळ करून घरात यायची. तालुक्याला ऑक्सिजन बेड नव्हता, जिल्ह्याला नव्हता, लोक गाडीत पेशंट घेऊन चार-चार दवाखाने फिरत होते. पोराला काही होत नव्हतं हे मान्य, पण पोरगं आजीजवळच झोपतं ना गावात? आमच्या गल्लीत एका घरात पंधरा दिवसांत आजी आणि आजोबा दोघं गेले. तुम्ही म्हणता ग्रामपंचायतीनं ठरवायचं. अहो ह्याच ग्रामपंचायतीनं हळदी आणि जत्रा थांबवल्या नाहीत, तुम्हीच वर लिहिलंय पंगतीला बसत होती. त्यांच्या हातात शाळा दिली असती तर उघडली असती की, ऐन एप्रिलात सुद्धा.

जोडाक्षर नंतर शिकता येतं.

माणदेशी_पाहुणा

ताई, शब्द चुकला, माफ करा. एप्रिल-मे 2021 मध्ये उघडा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं ऑगस्ट 2020 ते फेब्रुवारी 2021 आणि परत जुलै 2021 च्या पुढं, जेव्हा बाजार भरत होता, एसटी चालू होती, बार चालू होते.

पण जोडाक्षर नंतर शिकता येतं हे मला पटत नाही, सहा वर्षं झाली, अजून शिकतोय.

खाडीपलीकडचा

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो, 'निर्णय स्थानिक पातळीवर द्या' वाचून राहवलं नाही. इथं शाळा शहराच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) ताब्यात, त्यांचं बोर्ड लोक निवडून देतात, म्हणजे तुम्हाला पाहिजे तसंच. पैसा भरपूर, पोरांना क्रोमबुक वाटली, ज्यांच्याकडं नेट नाही त्यांना हॉटस्पॉट, जेवणाची पाकिटं पालक गाडीतून येऊन घेऊन जायचे. आणि तरीही सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळा 2021 चा वसंत येईपर्यंत बंद, तेव्हा धाकटे वर्ग थोडेफार उघडले. आजूबाजूच्या खाजगी शाळा कधीच्या भरत होत्या. जानेवारी 2021 मध्ये, पोरं घरात स्क्रीनपुढं कंटाळून रडत असताना, बोर्डानं ठराव कशाचा केला? तर 44 शाळांची नावं बदलायचा!! लिंकनचं सुद्धा नाव काढायचं होतं. नंतर तो मागं घेतला. लोक एवढे चिडले की फेब्रुवारी 2022 मध्ये मतदान घेऊन तीन सदस्यांना घरी पाठवलं.

तेव्हा स्थानिक म्हणजे शहाणं असं काही नाही.

माणदेशी_पाहुणा

पण घरी पाठवता आलं ना साहेब! आमच्याकडं कुणाला पाठवायचं? शाळा बंदचा आदेश काढणारा अधिकारी कोण हे पण बहिणीला माहीत नाही.

आकडेमोड्या

भावनेत वाहून जाण्याआधी असर बघा, म्हणजे गावोगावच्या पोरांचं वाचन-गणित तपासणारा सर्व्हे. देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतली जी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात ती 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5, आणि 2024 मध्ये परत 27.1. म्हणजे (१) नुकसान झालं, वादच नाही, (२) कोरोनाच्या आधी तरी कुठं दिवे लावले होते, चारातल्या तिघांना तेव्हाही येत नव्हतं, (३) भरून पण निघालं. आणि गंमत बघा, सरकारी शाळेत जाणारी मुलं 2018 च्या 65.6 टक्क्यांवरून 2022 मध्ये 72.9 झाली. एवढ्या वाईट सांभाळल्या असत्या तर लोक तिकडं कशाला गेले?

दोन_लेकरांची_माय

कशाला गेले ते मी सांगते. मिस्टरांचा पगार निम्मा झाला म्हणून. इंग्लिश मीडियमवाले ऑनलाईनची पूर्ण फी मागत होते आणि एका मोबाईलवर दोन पोरं, एकाचा क्लास चालू तर दुसरा रडतोय. शेवटी दाखला काढला आणि झेडपीत घातलं. तिथल्या बाई निदान आठवड्यातून दोनदा दारात येऊन वही तपासून जायच्या. धाकट्याला आम्ही तिथंच ठेवलंय अजून, मोठीला परत काढलं.

खडू_फळा

@आकडेमोड्या तुमचा (३) मला मान्य नाही. 2024 च्या तिसरीतली पोरं लॉकडाऊनमध्ये तीन-चार वर्षांची होती, त्यांची शाळा बुडालीच नव्हती. ती शिकली म्हणजे ह्यांच्या भाच्याचं भरून निघालं असं कसं? वर्ग तोच, पोरं वेगळी. भाच्याच्या बॅचला काय मिळालं तर जुलै 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम (मागच्या इयत्तेची उजळणी), तो पण शाळा बंद असताना! पूल बांधायचा आणि नदीच्या एकाच काठाला.

आकडेमोड्या

हम्म. हा मुद्दा बरोबर आहे सर. (३) मागे घेतो. (२) वर ठाम.

माणदेशी_पाहुणा

खडू सर, तुमच्या बाजूनं आहात की माझ्या?

खडू_फळा

कुणाच्याच नाही. माझ्या तेव्हाच्या सातवीतल्या दोन पोरी परत आल्याच नाहीत. एकीचं लग्न झालं लॉकडाऊनमध्ये, पन्नास माणसांत, खर्च कमी म्हणून. दुसरी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. शाळा उघडी असती तर निदान मी दारात जाऊन भांडलो असतो, पट दाखवून भीती घातली असती. आणि शाळा उघडी असती तर कदाचित मी पण आमच्या त्या सरांच्या मागोमाग गेलो असतो. दोन्ही खरं आहे, मला ह्याचं गणित जमत नाही.

तुमच्या भाच्याचं सांगतो. इतिहास बाजूला ठेवा, त्याला तिसरीचं बालभारती द्या, मोठ्यानं, रोज एक पान, कुणीतरी शेजारी बसून. सातवीतल्या पोराला तिसरीचं पुस्तक धरायला लाज वाटते, म्हणून दार लावून घ्या.

माणदेशी_पाहुणा

बहिणीला फोन केला. म्हणाली तिसरीचं पुस्तक घरात आहे, कोरं आहे अगदी.

चहाची_टपरी

कोरं का नसणार, वापरायला वेळच कुठं मिळाला त्याला.