विषय: दारावर ताकीद, शनिवारच्या शर्यती आणि आमचं लॉन

प्रेषक: माई

मंडळी,

घाईत लिहितेय. काल संध्याकाळी दाराच्या मुठीला पाणीखात्याची ताकीद लटकलेली होती. आमच्या घराचा नंबर विषम, म्हणून पाणी विषम तारखांना. काल ३१, आज १, लॉनच्या फवाऱ्यांचा टायमर दोन्ही दिवशी पंधरा-पंधरा मिनिटं सुटला. ३१ तारखेला कोणीच पाणी घालायचं नाही ही ओळ पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे, ती माझ्या वाचनात आलीच नाही. पुन्हा झालं तर दंड.

त्यात शनिवारी मुलांच्या शर्यती आमच्याच मागच्या अंगणात ठरल्या आहेत. उताराकडचं गवत पेंढ्यासारखं झालंय, पायाखाली करकरतं. ते मेलंय का? आणि ३१ चं टायमरमध्ये काय करायचं? आज कोणी सांगेल का?

माई

---

प्रेषक: नाना

माई, काही टायमर 'विषम दिवस' निवडला की ३१ आपोआप गाळतात, काहींत ते वेगळं नेमावं लागतं. तुमच्यात सोय नसेल तर ३० च्या रात्री डायल बंदवर न्या आणि ३१ च्या रात्री परत चालूवर. टायमरमधलं सालही तपासा. साल चुकलं की फेब्रुवारीनंतर सम-विषम उलटंपालटं होऊ शकतं.

आणि आतली छोटी बॅटरी बदला. गेल्या उन्हाळ्यात आमची वीज गेली, बॅटरी संपलेली होती. टायमर त्याच्या मूळ वेळापत्रकावर गेला आणि आम्ही परगावी असताना रोज लॉनच्या सगळ्या भागांना पाणी देत बसला. परत आलो तेव्हा फूटपाथवर शेवाळ धरलेलं होतं. त्या पाण्याचं मला अजून वाईट वाटतं.

---

प्रेषक: अण्णा

तारखेचं नानांनी सांगितलंच. पण त्या पंधरा मिनिटांत पाणी पडतं किती, हे कोणी मोजलंय का? दोन वर्षांपूर्वी मी माझ्या लॉनवर सपाट बुडाचे डबे मांडून सगळ्यांना दाखवलं होतं. मधल्या डब्यात ११ मिलिमीटर, कुंपणाकडच्या डब्यात ४. कुंपणाकडचं गवत पिवळं का, ते तिथेच कळलं. तेव्हाही फवाऱ्यांची तोंडं, म्हणजे नोझल, बदला म्हणालो होतो. तो मेल जुन्या मेलमध्ये आहे, विचारण्याआधी एकदा बघावा ही विनंती.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर लॉनला २५ मिलिमीटर द्यायचं तर अडीच हजार लिटर लागतं. टंचाईत हिरवंगार ठेवण्याचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

प्रेषक: ताई

अण्णा, तुमचे डबे आमच्या गॅरेजमध्ये आहेत, द्यायचे राहून गेले. शनिवारी आणते.

पण तुमची जमीन भुसभुशीत. आमच्याकडे चिकणमाती आहे, तिथे पंधरा मिनिटं सलग सोडलं तर सातव्या-आठव्या मिनिटाला पाणी वाहायला लागतं. वाहून रस्त्यावर गेलेल्या पाण्याचीही ताकीद मिळते, आम्हाला मिळाली आहे. आता पहाटे पाच मिनिटं, मग पाऊण तास थांबून पुन्हा पाच, पुन्हा पाऊण तासाने पाच. मिनिटं तेवढीच, थेंबही बाहेर जात नाही. माईंचा उतार आहे, त्यांना तर हेच करायला हवं. पाणी मुरलं की नाही ते लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायचं. सहज आत गेला तर ओल खोल गेली.

---

प्रेषक: नाना

ताई, पाच-पाच मिनिटांसाठी टायमरमध्ये तीन सुरुवातीच्या वेळा द्याव्या लागतात. जुन्या मॉडेलमध्ये जमत असेल का शंका आहे.

---

प्रेषक: ताई

आमचा अकरा वर्षांचा आहे, जमतं.

---

प्रेषक: दादा

माईंच्या मूळ प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो. माझं लॉन असंच करडं झालं होतं. मेलं समजून भाड्याचं यंत्र आणून अर्धं उखडलं. दुसऱ्या दिवशी त्या ढिगातलं एक मूठभर गवत हातात घेतलं. पातं वाळलेलं, पण जिथे पातं आणि मुळं जुळतात तो खालचा भाग पांढरा, टणक, नखाने दाबला तर ओलसर. जिवंत होतं. न उखडलेला अर्धा भाग पावसानंतर आपोआप हिरवा झाला. उखडलेला पुढची दोन वर्षं नीट धरला नाही.

थंड हवेची गवतं, विशेषतः ब्लूग्रास, उन्हात आणि कोरड्यात झोपी जातात. झोपलेल्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटरच्या आसपास पाणी मिळालं तरी तो खालचा भाग तग धरतो. उगाच जागं करायचं आणि पाणी तोडून परत झोपवायचं, हे मात्र करू नका. त्यात मुळांतला साठा संपतो. खत नको, तणनाशकही नको. वाढतंय तिथे तीन-साडेतीन इंचांखाली कापू नका, कापायच्या यंत्राच्या पात्याला धार असू द्या.

आणि माई, मनापासून सांगतो, झोपलेल्या गवतावर शर्यती नकोत. तीस मुलांच्या पायांखाली तो खालचा भाग चिरडतो आणि मग पावसानेही येत नाही.

---

प्रेषक: अण्णा

मी तर कायमचा उपाय म्हणून सगळं काढून बर्म्युडा लावा म्हणेन. आपली हरळीच ती. तिची मुळी खोल जाते, कमी पाण्यावर राहते.

---

प्रेषक: ताई

हरळी वाफ्यात शिरली की काढता काढता जन्म जातो. आणि थंडीत तीही करडी पडते. शिवाय बंदी चालू असताना नवीन काही लावायचं म्हणजे रुजेपर्यंत रोज पाणी. अण्णा, आत्ता नको.

---

प्रेषक: माई

सगळ्यांचे आभार. दादाने सांगितलं तसं उतारावरच्या चार ठिकाणी गवत उपटून पाहिलं. तीन ठिकाणी पांढरं निघालं. चौथं हातात कोरडं आलं, मुळाशीसुद्धा काही नव्हतं. तिथे थंडी सुरू झाली की बी टाकेन. टायमरला पाच-पाचच्या तीन वेळा बसवल्या, ३१ बंद केली.

शर्यती गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर घेऊ. तिथे सावलीला मेपलचं झाड आहे, पण त्याची पानं या आठवड्यात कडेने तपकिरी झाली आहेत. लॉनसाठी ठेवलेलं पाणी आता त्यालाच देतेय. खोडाशी नाही, फांद्यांच्या टोकाखाली, हाताने धरून अगदी बारीक धार. आमच्या पत्रकात हाताने घालायला मुभा आहे, तपासलं.

ताई, डब्यांबरोबर खुर्च्याही आणशील का? काँक्रीट तापतं, मोठ्यांना खाली बसवणार नाही.