पहिली चांगली बॅडमिंटन रॅकेट घेतोय, दुकानदार जाळीचं टेन्शन २८ पाउंड म्हणतोय

कोथरूडकर_शटल
नमस्कार मंडळी. वय ४१, घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत. गेल्या दिवाळीपासून सकाळी ऑफिसच्या आधी भाड्याच्या कोर्टवर डबल्स खेळतो. प्लॅस्टिकचं फूल (शटल), मॅव्हिस ३५०. आजवर भावाची जुनी रॅकेट वापरली, आता स्वतःची घ्यायची आहे. डेक्कनच्या एका दुकानात गेलो, तर मालकांनी थेट योनेक्सची ॲस्ट्रॉक्स १०० झेडझेड रॅकेट हातात दिली. म्हणाले, "२८ वर गटिंग करून देतो, स्मॅश बघा कसा बसतो." म्हणजे जाळीची दोरी २८ पाउंडांवर ताणून. पैसे ताणून जमतील. पण माझा मागून मारलेला टॉस (उंच, लांब फटका) अजून अर्ध्या कोर्टात पडतो आणि बॅकहँड जवळजवळ नाहीच. काय घेऊ? टेन्शन किती ठेवू?

गटिंगवाला_सहकारनगर
२८ अजिबात नको. माझ्याकडे घरी गटिंगचं मशीन आहे, संध्याकाळी आसपासचे खेळाडू रॅकेटी आणून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावाची रॅकेट उजेडात धरा आणि गट, म्हणजे जाळीची दोरी, नीट बघा. फूल जिथे लागतं, तिथे आडवी-उभी दोरी एकमेकींवर घासून बारीक खाचा पडतात, रंगही उडतो. या खाचा जाळीच्या मधोमध, जरा वरच्या अंगाला एका जागी गोळा झालेल्या असतील तर तुमचा फटका बसतोय. फ्रेमच्या कडेपर्यंत विखुरलेल्या असतील तर टेन्शन वाढवायची वेळ आलेली नाही. कोणी "किती पाउंड?" विचारलं की मी आधी हेच बघतो. माणूस स्वतःच्या खेळाबद्दल काहीही सांगो, गट खरं सांगतो.

कमी टेन्शनला जाळी दबते आणि फुलाला परत ढकलते, शिवाय फटका थोडा चुकला तरी फूल जातं. २८ ला जाळी कडक. फूल पटकन सुटतं, दिशा छान मिळते, पण जोर सगळा तुमचा लागतो. तो नसला की माणूस मूठ आवळून हाणायला लागतो आणि कोपर धरतं. तुमच्या वयात एकदा कोपर धरलं की लवकर सुटत नाही.

तुम्ही २१ किंवा २२ वर करा. गट बीजी ६५ घ्या. ०.७० मिमी जाडीचा आहे, टिकतो. ०.६६-०.६५ चे बारीक गट आवाज सुंदर देतात, पण कडेला लागलेल्या फटक्याने लवकर तुटतात.

१०० झेडझेड उत्तम रॅकेट आहे, डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता व्हिक्टर ॲक्सेलसेन ती खेळलाय. पण डोकं जड आणि दांडा अतिशय कडक. असा दांडा हात वेगाने फिरला तरच वाकतो, नाहीतर हातात काठी धरल्यासारखं वाटतं. तुम्ही फोर-यू घ्या, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. दांडा मध्यम किंवा लवचिक, तोल मध्यावर. उरलेल्या पैशात चांगले नॉन-मार्किंग बूट घ्या, गुडघे वाचतील.

बालेवाडी_स्मॅश
दादा, थोडा असहमत. २१ ला नेटवर फूल तरंगतं, ड्राइव्ह (सपाट फटका) वर उठतो. मी पिसांच्या फुलाने खेळतो, २५ च्या खाली मला कंट्रोलच येत नाही. सुरुवातीपासून सवय लावलेली काय वाईट?

गटिंगवाला_सहकारनगर
नेटवर फूल तरंगतं हे अगदी खरं. पण तुमचा टॉस मागे पोचतो, त्यांचा पोचत नाही. डबल्समध्ये अर्ध्या कोर्टात पडलेला टॉस म्हणजे समोरच्याला आयता स्मॅश. कोथरूडकर, साधी परीक्षा सांगतो. बेसलाइनवर उभं राहून टॉस मारा. समोरच्या मागच्या दोन आडव्या रेषांमधल्या ७६ सेंमीच्या पट्ट्यात, हात न आवळता, फूल सारखं पडायला लागलं की पुढच्या गटिंगला एक पाउंड वाढवा. एकच. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी फूल मंद जातं, तेव्हा निकाल लावू नका.

सिंहगडरोडची_आई
माझी मुलगी ११ वर्षांची, रोज कोचिंगला जाते. सर २२ सांगतात, तिच्या मैत्रिणींच्या २५ आहेत म्हणून ती रुसून बसलीये.

गटिंगवाला_सहकारनगर
ताई, सरांचं ऐका. ते तिला रोज खेळताना बघतात. वाढत्या वयाचा खांदा आहे, घाई नको.

कोथरूडकर_शटल
खूप आभार. खाचा पाहिल्या, सगळीकडे आहेत, अगदी फ्रेमलगतसुद्धा! २१ नक्की. रॅकेट किती टेन्शन सोसते ते कुठे कळतं? आणि ती दिवसभर गाडीच्या डिकीत राहिली तर चालेल?

गटिंगवाला_सहकारनगर
दांड्यावर किंवा मुठीच्या वरच्या शंकूसारख्या भागावर छापलेलं असतं, त्याच्या वर कधीच जाऊ नका. डिकीत नको. एप्रिलच्या उन्हात पार्किंगमधली गाडी तापते आणि गट सैल पडतो. सोबत ऑफिसात न्या.

आणि गट तुटला की रॅकेट तशीच घरी आणू नका. एका बाजूचा ताण गेलेला असतो, उरलेला गट फ्रेमला वाकडं ओढतो. बॅगेत छोटी कात्री ठेवा, कोर्टवरच मधून सुरुवात करून चारी बाजूंनी थोडा थोडा कापून टाका.