कर्क्युमिन, मिरी आणि चालू औषधे

हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत यकृताच्या कर्कपेशी मारते, म्हणून मिरीयुक्त हळदीच्या कॅप्सूल यकृताच्या कर्करोगाच्या उपचारांसोबत घ्यायला हरकत नाही, या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध नाही. काचेच्या बशीत पेशींवर थेट ओतलेले कर्क्युमिन आणि पोटातून घेतलेले कर्क्युमिन यांत फार अंतर आहे, कारण आतडे आणि यकृत मिळून त्याचा बहुतांश भाग रक्तात पोहोचण्याआधीच निकामी करतात. मिरीतील पायपेरिन हीच प्रक्रिया रोखते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे माणसांमध्ये कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे २० पट वाढलेली दिसली. पण यकृत ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) कर्क्युमिन निकामी करते, तशाच विकरांनी ते सोराफेनिबसारख्या यकृताच्या कर्करोगावरील औषधांचाही निचरा करते, म्हणजे पायपेरिन तो निचराही रोखू शकते, हा मुद्दा या मतात धरलेला नाही.

रावेरच्या माझ्या मामांना सोराफेनिब सुरू असताना डॉक्टरांनी घरातली सगळी औषधे घेऊन यायला सांगितले. मामींच्या कापडी पिशवीतून काविळीवरचा म्हणून जपलेला भुईआवळीचा वाळका पाला निघाला आणि हळदीच्या कॅप्सूलची एक बाटलीही, जिच्यावर ‘मिरीचा अर्क’ हे शब्द भिंगाशिवाय वाचता येत नव्हते. दोन्ही त्याच दिवशी बंद झाले. वनस्पतिजन्य रेणूंना माझा विरोध नाही. एपिमेडियम या वनस्पतीपासून मिळणाऱ्या इकारिटिनला चीनने २०२२ मध्ये प्रगत यकृत कर्करोगासाठी सशर्त मान्यता दिली, पण ती रुग्णांवरील चाचण्यांनंतर.