मदत हवी आहे: फेअरी डेक घ्यायचाय, दोनपैकी कुठला? (आजच्या आज सांगा)

कुंदकळी
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. पऱ्यांच्या चित्रांच्या कार्डांचे दोन डेक, म्हणजे गठ्ठे, ऑनलाइन कार्टमध्ये पडून आहेत. एक ब्रायन फ्राउडचा 'फेअरीज ओरॅकल', दुसरा 'शॅडोस्केप्स'. घेणार एकच, आणि सेल आज रात्री बाराला संपतोय. मोबाइलवर चित्रं बघून बघून डोळे शिणले. पहिल्यात नुसती थोबाडं, तीही वेडावून दाखवणारी. दुसऱ्यात सगळं इतकं नाजूक आणि फिकट की काय चाललंय ते कळायला झूम करावं लागतं. कुठला जास्त कामाला येईल? "मनाला भावेल तो घे" हे उत्तर कृपया नको, ते यूट्यूबवरच्या सगळ्या ताया देतात.

मंजिरी_म
कामाला म्हणजे कुठल्या कामाला? स्वतःसाठी रोज एक कार्ड काढणार, की लोकांना रीडिंग देणार? आधी कुठला डेक वापरलाय? आणि एक सांगते, भविष्य दोन्हींवरून बघतात, पण शॅडोस्केप्स ओरॅकल नाहीये, टॅरो आहे. ७८ कार्डं, त्यातली २२ 'मोठी' म्हणजे मुख्य आणि ५६ 'छोटी' म्हणजे दुय्यम, ही चौकट ठरलेली. ओरॅकलला चौकटच नसते. काढणाऱ्याला वाटतील तेवढी कार्डं आणि वाटतील ते अर्थ. फ्राउडच्या डेकमध्ये ६८ आहेत. टॅरो येत नसेल तर शॅडोस्केप्स घेऊन नुसती चित्रं बघत बसाल.

तिरशिंगराव
१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'खास तुमच्यासाठी' म्हणून स्वभाववर्णन वाटलं. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. तो किती जुळतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. परी असो, देवदूत असो नाहीतर पिंजऱ्यातला पोपट असो, खेळ तोच. पैसे वाचवा.

कुंदकळी
@तिरशिंगराव भविष्याबद्दल कुणी विचारलं का?
@मंजिरी_म टॅरो आहे हे माहीत आहे हो. मला त्याने फरक पडत नाही. चित्रांबद्दल बोला ना कुणीतरी.

देवगडकर
परदेशी पऱ्या कशाला? सावंतवाडीची गंजिफा घ्या. राजवाड्यात अजून हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. मत्स्याचा मासा, परशुरामाची कुऱ्हाड, वामनाचा कमंडलू. पत्ते गोल, त्यामुळे सरळ-उलटं ही भानगडच नाही. आणि फँटसीच म्हणाल तर अर्धा माणूस अर्धा सिंह खांबातून बाहेर येतो, याच्या वरची फँटसी आणा बघू.

मंजिरी_म
देवगडकर, गंजिफा खेळायची असते. तिच्यावरून कोणी काही वाचत नाही.

देवगडकर
टॅरोसुद्धा आधी खेळायचेच पत्ते होते की. इटलीत पंधराव्या शतकात. भविष्याचं खूळ नंतर चिकटलं.

मंजिरी_म
ते बरोबर आहे. तरी तिने गंजिफा विचारलेली नाही.

रेघोट्या
चित्रं काढून पोट भरतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

डेकची चित्रं चांगली असणं आणि डेक उपयोगी असणं यांत फार गल्लत होते. पेटीवरचं चित्र आणि विक्रेत्याने दाखवलेली आठ-दहा कार्डं ही नेहमी सगळ्यात भारी असतात. बघायची ती उरलेली. सगळी कार्डं एकामागून एक दाखवणारे व्हिडिओ असतात, ते आवाज बंद करून बघा. फेअरी डेकांपैकी निम्म्यात एकच मुलगी असते. केस कधी लाल कधी निळे, पंख बदललेले, मान तशीच तिरकी, नजर तशीच हरवलेली. खाली कुठे 'धैर्य' लिहिलेलं, कुठे 'क्षमा', कुठे 'नवी सुरुवात'. शब्द अंगठ्याने झाका आणि विचारा, हे धैर्य कशावरून? सांगता आलं नाही तर ते चित्र नाही, शब्दाखाली लावलेला वॉलपेपर आहे.

आता उलट उदाहरण. १९०९ मध्ये लंडनला रायडर या प्रकाशकाने काढलेला टॅरो, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्याआधीच्या बहुतेक डेकांत छोट्या कार्डांवर फक्त चिन्हं मांडलेली असत, पाच पेले म्हणजे पाच पेले. तिने तिथे प्रसंग काढले. तिच्या पाच पेल्यांत काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यातले तीन पेले सांडलेत. पाठीमागचे दोन अजून उभे आहेत, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. पलीकडे नदी आणि पूल. रेषा साध्या, रंग सपाट, आजच्या डिजिटल डेकांपुढे अगदी गरीब दिसतं. पण बघणारा लगेच विचारायला लागतो, काय सांडलं, हा मागे वळणार का, पूल ओलांडणार का. तिला या कामाचे पैसे अगदीच किरकोळ मिळाले, ते वेगळंच.

या कसोटीवर शॅडोस्केप्स फ्राउडपेक्षा सरस. स्टेफनी लॉ जलरंगांत अख्खा प्रसंग उभा करते. तक्रार एकच, मूळ चित्र बरंच मोठं असतं आणि छापताना टॅरोच्या आकारात, म्हणजे साधारण ७ बाय १२ सेंटीमीटरमध्ये, कोंबलं जातं. हात लांब करून कार्ड धरलं की धुकं दिसतं.

मंजिरी_म
चेहऱ्यांना एवढं हिणवू नका. माझ्याकडे फ्राउड आहे आणि तोच सर्वात जास्त हाताळला जातो. 'द डार्क क्रिस्टल' या सिनेमाची दुनिया ज्याने कल्पिली तो माणूस आहे तो, त्याची परी कॅलेंडरवरची नसते. काही कार्डांवरचा खट्याळ प्राणी असा रोखून बघतो की आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. प्रसंगात तुम्ही प्रेक्षक असता, चेहऱ्यासमोर तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. डेकसोबतचं जेसिका मॅकबेथचं पुस्तकही चांगलं आहे, नुसत्या गोड गोड ओळी नाहीत.

रेघोट्या
कलाकार म्हणून फ्राउडला माझा दंडवतच आहे. पण ६८ जण एकाच वेळी रोखून बघायला लागले तर वेगळं काय वाचणार?

मंजिरी_म
तुम्ही वापरलाय का? की व्हिडिओच बघितलाय, आवाज बंद करून?

ठाणेकर_नीता
तुमचं चालू द्या, पण कुंदकळी, आधी सांग गं, कुठल्या साइटवर आहे आणि कितीला? या डेकांच्या नकला फार आल्यात.

कुंदकळी
साइटचं काय करायचंय? दोन्ही ६४९ ला आहेत, म्हणून तर घाई.

ठाणेकर_नीता
थांब! दाबू नकोस ते बटण. मी माझ्या डेकला दोन हजारांच्या वर मोजले होते, तेही सेलमध्ये. ६४९ मध्ये असल माल येत नाही. वर्णनात 'पुस्तक क्यूआर कोडवर' असं काही लिहिलंय का बघ. नकलेच्या पेटीत पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड असलेलं एक कार्ड टाकतात, कारण त्यांनी फक्त कार्डांचे स्कॅन उचललेले असतात. कागद पातळ, कार्ड मूळपेक्षा लहान, कडा कापलेल्या, रंग काळवंडलेले. माझ्या नणंदेने असाच एक घेतला होता, तीनदा पिसल्यावर कोपरे उलगडायला लागले. शॅडोस्केप्ससारख्या फिकट जलरंगांची तर नकलेत पार वाट लागते. तुला झूम करावं लागतंय ते कदाचित त्यामुळेच. फोटोसुद्धा स्कॅनचेच असणार.

कुंदकळी
हो, क्यूआर लिहिलंय. श्या.

रेघोट्या
याला जोडून आणखी एक. पेटीवर चित्रकाराचं नाव शोधा. फक्त कंपनीचं नाव असेल, चित्रकार कुठेच नसेल, तर बोटं मोजा. एआयने काढलेले डेक हल्ली ढिगाने येतात. गळ्यातली साखळी केसांत विरघळते, पाण्यातलं प्रतिबिंब भलत्याच दिशेला बघतं, परीचा एक पंख खांद्यातून आणि दुसरा हवेतून. सुंदर दिसतं सगळं. पण कुठलीच वस्तू मुद्दाम ठेवलेली नसते, म्हणून दुसऱ्यांदा बघितलं की नवीन काही सापडत नाही.

देवगडकर
आमच्याकडे देवाला कौल लावतात, त्याला कार्ड नाही, क्यूआर नाही. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली की होय. नक्कल करून दाखवा त्याची.

तिरशिंगराव
फूल ओलाव्याने पडतं.

देवगडकर
तुम्ही गावात येऊन हे बोला, मग बघू.

संपादक_२
विषयाला धरून. कौलाचा वेगळा धागा काढा.

मंजिरी_म
कुंदकळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाहीत. कशासाठी हवाय?

कुंदकळी
अहो, गोष्टी लिहायला! सातवी-आठवीच्या मुलांचं सुट्टीतलं लेखन शिबिर घेते, यंदाचा विषय 'जादूचं जंगल'. प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं आणि त्यावरून गोष्ट सुरू करायची. शनिवारी सुरू होतंय. यात न समजण्यासारखं काय होतं?

मंजिरी_म
हे आधी सांगितलं असतंत तर मी फ्राउडचं नावच घेतलं नसतं. त्याच्या पऱ्यांना कपड्यांचं वावडं आहे. आठवीच्या वर्गात एक तसं कार्ड निघालं की शिबिर संपलं.

ठाणेकर_नीता
अगंबाई!

तिरशिंगराव
माझी मुलगी आठवीत आहे, म्हणून आता कामाचं बोलतो. टॅरोही नको. कुठलाही टॅरो घ्या, त्यात तेराव्या क्रमांकावर मृत्यू आणि पंधराव्यावर सैतान असतोच. ती दोन काढून ठेवाल, पण पेटीवरचा शब्द मुलं घरी जाऊन सांगणारच, आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर तुम्ही मुलांना पत्ते बघून भविष्य सांगायला शिकवता असं होईल. माझ्यासारखा एक तरी बाप असतोच.

कुंदकळी
बरं, मग काय घेऊ? कुणीतरी एक नाव सांगा.

रेघोट्या
डिक्सिट. बोर्डगेम आहे, फ्रान्सचा, २०१० मध्ये जर्मनीचं 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षातला खेळ' हे बक्षीस मिळालेला. पेटीत ८४ मोठी कार्डं, चित्रं मारी कार्दुआची, कार्डावर एकही शब्द नाही. अर्थ ठरलेला नसणं हीच खेळाची गंमत, कारण खेळणाऱ्याने चित्राबद्दल काहीतरी गूढ बोलायचं आणि बाकीच्यांनी ते कुठलं चित्र हे ओळखायचं. ना भविष्य, ना पुस्तिका. आणि चित्रं परीकथेतलीच आहेत.

मंजिरी_म
डिक्सिटची कार्डं मी बघितली आहेत, छान आहेत. पण 'हे कार्ड तुला आलंय' याचा जो भार ओरॅकलला असतो तो त्यात नाही. मूल ते कार्ड खाली ठेवून दुसरं मागेल.

रेघोट्या
मागू दे की. तेरा वर्षांच्या मुलाला नशिबाचा भार कशाला हवाय, गोष्ट हवीय.

मंजिरी_म
गोष्ट भाराशिवाय सुरू होत नाही. पहिलंच कार्ड ठेवायचं असा नियम तरी करा, कुंदकळी.

कुंदकळी
नियम करते. कार्ट रिकामी केली. डिक्सिट शनिवारपर्यंत येणार नाही असं दाखवतायत. पुण्यात कुणाकडे उसना मिळेल का? कार्डांना प्लास्टिकची कव्हरं घालून देईन.

ठाणेकर_नीता
माझ्या भाच्याकडे आहे. पुण्यात कुठे? आणि मुलं किती आहेत, ते तरी सांग आता.